जीसीएचक्यू, १९८४ : हजार पौंडांचा हक्क

१/ गुप्तवार्ता खात्यातील कर्मचाऱ्यांची कामगार संघटना देशाच्या सुरक्षेस घातक असते, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ते तपासले गेले, आणि टिकले नाही.

२/ २५ जानेवारी १९८४. परराष्ट्रमंत्री जेफ्री हाउ यांनी संसदेत घोषणा केली : परकीय संदेश टिपून उलगडणाऱ्या चेल्टनहॅमच्या जीसीएचक्यू या संस्थेत यापुढे राष्ट्रीय कामगार संघटनांचे सभासदत्व बंद. संघटनांशी आधी एका शब्दाचीही चर्चा नाही. हक्क सोडणाऱ्यास १,००० पौंड. घातक वस्तू सरकार जप्त करते. येथे ती चक्क विकत मागितली गेली.

३/ कारण सांगितले गेले ते १९७९ ते १९८१ मधील संपांचे. मग तीन वर्षे थांबले का? तोवर संस्थेचे खरे काम जाहीरपणे मान्यच केलेले नव्हते, हे सरकारचे उत्तर. ते ग्राह्य धरू. परंतु काम अखंड चालू ठेवण्याचा करार करण्यास संघटना तयार होत्या. बदल्यात फक्त सभासदत्व हवे होते. मार्गारेट थॅचर यांनी तो प्रस्ताव फेटाळला. प्रश्न संपाचा असता, तर तो तेथेच मिटला असता. प्रश्न निष्ठेचा होता : संघटनेचा सभासद देशाशी पूर्ण एकनिष्ठ असूच शकत नाही, हे त्यामागचे गृहीतक.

४/ सोव्हिएत संघास गुपिते पुरवणारा जेफ्री प्राइम याच संस्थेत होता. तो पकडला गेला १९८२ मध्ये, एका वेगळ्याच गुन्ह्याच्या पोलिस तपासातून. संघटनेचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

५/ जनतेने हे मुकाट्याने घेतले नाही. २८ फेब्रुवारीस देशभर अनेकांनी काम थांबवले. पुढे दर जानेवारीत चेल्टनहॅमसारख्या शांत शहरात मोर्चा निघू लागला.

६/ जुलैमध्ये उच्च न्यायालयाने संघटनांच्या बाजूने कौल दिला. २२ नोव्हेंबरला हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र अंतिम निकाल संघटनांच्या विरुद्ध दिला. सल्लामसलतीची अपेक्षा रास्त होती, पण राष्ट्रीय सुरक्षा त्याहून वरचढ! न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कसोट्यांसाठी हा निकाल भारतातील विधी महाविद्यालयांतही शिकवला जातो. हरलेल्या कर्मचाऱ्यांची आठवण तेथे क्वचितच निघते.

७/ बहुतेकांनी सह्या केल्या, पैसे घेतले. त्यांना दोष देणे सोपे आहे. घर त्यांनाही चालवायचे होते. अखेरपर्यंत न वाकलेल्या चौदा जणांना १९८८-८९ मध्ये बडतर्फ केले गेले. १९९७ मध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने बंदी उठवली आणि त्यांतील काही पुन्हा कामावर रुजू झाले.

८/ भारतात त्याच १९८४ साली पन्नासाव्या घटनादुरुस्तीने कलम ३३ ची कक्षा गुप्तवार्ता संस्थांपर्यंत वाढवली, आणि १९८५ च्या कायद्याने तेथील कर्मचाऱ्यांना कामगार संघटनेचे सभासदत्व निषिद्ध केले. ब्रिटनची बंदी तेरा वर्षांत गेली. हा कायदा अद्याप लागू आहे.