विश्लेषण : वाइनच्या लेबलची मंजुरी सॉफ्टवेअरमुळे लवकर मिळते का?

न्हावा शेवा बंदरात उतरलेली वाइन पनवेल-उरण पट्ट्यातील बॉण्डेड गोदामात पोहोचली, तरी लगेच दुकानात जात नाही. मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. त्यामुळे एकाच बाटलीच्या लेबलसाठी राज्यागणिक उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावे लागतात. शिवाय ‘एफएसएसएआय’ची मद्यविषयक मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा आणि अल्कोहोलचे प्रमाण लेबलवर हवेच. आयातदाराचे नाव-पत्ता राहिला असेल, तर गोदामातच स्टिकर लावून निभावते. सगळ्याच चुका मात्र स्टिकरने झाकता येत नाहीत.

मग सॉफ्टवेअर काय करते? मंजुरी तर सरकारच देते. कोणते लेबल कुठे, कधीपर्यंत वैध, एवढा हिशेब ते ठेवते. हेही कमी नाही : महाराष्ट्रात मद्य परवान्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते, कर्नाटकात ३० जूनला. एक्सेल शीटमध्ये घोळ होतो तो इथेच.

खरा धोका वेगळा आहे. बाटलीवरचा मजकूर बदलला, पण सॉफ्टवेअरमध्ये जुनीच फाइल ‘मंजूर’ दिसत राहिली, तर त्या हिरव्या खुणेच्या भरवशावर पाठवलेला माल अडकतो. छोट्या आयातदाराच्या गोदामभाड्याचे मीटर तोवर चालूच असते.