दारावरचे गोल तोरण

रमजान सुरू झाला की कपडे, शीरखुर्मा, फितरा यांचा हिशेब डोक्यात फिरू लागतो. ज्या घरात यंदा कमाई कमी झाली आहे, तिथली मुले शेजारच्या सजलेल्या दाराकडे पाहतात आणि गप्प राहतात. त्या मुलांसाठी आम्ही एक गोल तोरण सुचवतो. (पुष्पचक्र म्हटले की श्रद्धांजली आठवते, म्हणून तो शब्द नको.)

मुख्य सामान म्हणजे इफ्तारच्या खजुराच्या बिया. 5 माणसांनी रोज 3-3 खजूर खाल्ले तर 30 रोजांत 450 बिया जमतात! अर्ध्याही पुरतील. बिया त्याच रात्री गरम पाण्यात भिजवा, चोळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. गर राहिला तर मुंग्या लागणारच. किराणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर जेवणाचे ताट व मधोमध बशी ठेवून आखा, कडे कापा, त्यावर जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळा. 5-6 बियांचे एक फूल, मध्ये तुटलेल्या माळेचा मणी. मैद्याची खळ इथे टिकत नाही. फेव्हिकॉल लावून कडे रात्रभर आडवे ठेवा.

पाने जुन्या लग्नपत्रिकांची करता येतात. मात्र बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेला भाग आधी अदबीने वेगळा काढून ठेवा, मगच मुलांच्या हाती कात्री द्या.

रंगाचा खर्च करू नका. बियांचा तपकिरी रंगच आम्हाला जास्त आवडतो. चाँदरातीला मुलांनाच ते दारावर टांगू द्या, थोडे वाकडे लागले तरी.