रिकाम्या जागा
उन्हाळ्यातल्या कमाईतून संगणक स्वतः जुळवायचा, असं लेकीने ठरवलं. मदरबोर्डपाशी घोडं अडलं. मी म्हणालो, "एक्स६७०ई घे. एकदाच काय तो चांगला घ्यावा."

"बाबा, बी६५० वर तोच रायझन जवळजवळ तेवढ्याच वेगाने चालतो. सॉकेटही तेच, एएम५. एक्स६७०ई मध्ये चिपसेटच्या एकाऐवजी दोन चिप असतात, म्हणून यूएसबी आणि एसएसडीसाठी जास्त जागा. मला एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी लावायच्यात. बाकीच्या जागांचं काय करू?"

मी गप्प. हे घर घेताना आईनेही हेच विचारलं होतं, "एवढ्या खोल्या, राहणार कोण?"

तुमच्याकडेही हा वाद झाला, तर आधी काय काय जोडायचंय त्याची यादी करा. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर बऱ्यापैकी हीटसिंक आहे ना, ते बघा. मग किंमत.

आम्ही बी६५० घेतला. वाचलेल्या पैशांत तिने ३२ जीबी रॅम घेतली. ऑगस्टमध्ये संगणक घेऊन ती कॉलेजला गेली. घरात आणखी एक खोली रिकामी झाली. दिवाळीला येते म्हणालीय.