शोरूमला दिलेले आपले कागद : अमानत की खुला खजिना?

वांद्रे : गाडी घेताना आपण आधार, पॅन, पगाराची स्लिप, बँकेचे स्टेटमेंट शोरूमला देतो आणि विसरून जातो. चोराला नेमके हेच हवे असते.

जून 2024 मध्ये अमेरिकेतील डीलरना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सीडीके ग्लोबल कंपनीवर सायबर हल्ला झाला. सुमारे 15 हजार शोरूम तिच्यावर अवलंबून होते. अनेकांना कागद-पेनावर कारभार करावा लागला. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सच्या जग्वार लँड रोव्हरचे कारखानेही हल्ल्यामुळे काही आठवडे बंद पडले. मोठ्यांची ही गत, तर कुर्ल्यात जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या आपल्या भावांचे काय?

धोका बहुतेक वेळा साधाच असतो. बनावट ई-चलनाची एपीके फाइल येते, नाहीतर ‘आमचे बँक खाते बदलले’ असा मेसेज. अशा वेळी जुन्याच नंबरवर फोन करून खात्री करा. सगळ्या स्टाफला एकच पासवर्ड नको. बॅकअप इंटरनेटपासून वेगळा ठेवा. काम झाले की ग्राहकाचे कागद व्हॉट्सॲपवरून काढून टाका. ग्राहकांनीही झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहूनच सही करावी. पैसे गेलेच तर लाजू नका, ताबडतोब 1930 लावा.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात हलगर्जीपणाला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या आधी इमान येते. ग्राहकाचे कागद ही अमानत आहे, आणि अमानतीत खयानत नुसत्या आळसानेही होते.