रुंद चाकाचा सोस

विश्रामबागच्या चौकात संध्याकाळी घटकाभर उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुनी आरएक्स हंड्रेड मोटारसायकल, पुढचे चाक मूळचे, सडपातळ. आणि मागे मात्र दुसऱ्याच कुठल्या दांडग्या गाडीला शोभावे असे रुंद चाक! शंभर फुटी रस्त्याने ती गेली की आम्हा मुलांच्या माना वळतात. प्राध्यापक मंडळी याला थेर म्हणतील. मी म्हणणार नाही. जुन्या यंत्रावर जीव लावणे हे काही पाप नव्हे. पण मित्रहो, त्या रुंद चाकाला तिथे काम काय?

हा सोस मूळ अमेरिकेतला. १९६४ साली तिकडे पॉन्टिॲक जीटीओ ही मोटार निघाली. इंजिन सहा लिटरहून मोठे, ताकद सव्वातीनशे अश्वशक्ती, टायर मात्र आजच्या मानाने अरुंद. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की अशा गाडीची मागची चाके जागीच गरगरतात, नुसते रबर जळते. तिथल्या हौशी लोकांनी मागे रुंद चाके घातली ती रस्त्यावर पकड मिळावी म्हणून. आपल्याकडे ट्रॅक्टरची मागची चाके रुंद का? ओढ तिथूनच लागते, आणि काळ्या रानात अरुंद चाक रुतते. उसाच्या बैलगाडीला रबरी टायर आले, तेही बैलांची ओढ हलकी व्हावी म्हणूनच.

आता आरएक्स हंड्रेड पाहा. १९८५ साली आलेल्या या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे, अश्वशक्ती अवघी ११. तिचे नाव झाले ते हलकेपणामुळे. मागचा टायर पावणेतीन इंची. अकरा घोड्यांना तो पुरतो. तिथे चार-साडेचार इंची टायर मूळच्याच रिमवर चढवला, की त्याच्या कडा आत चिमटतात, माथा उंचावतो आणि वळणावर गाडी वाकायला कुरकुरते. साखळी टायरला घासू लागते. मग चिमटा कापून रुंद करायचा! वजन वाढते, ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच. नोंदीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल त्याला चालत नाही.

आमच्या घरी वडिलांची आरएक्स आहे. तिच्यावर दुधाच्या किटल्या लादून त्यांनी वर्षानुवर्षे खेपा केल्या, त्यातूनच माझी फी भरली गेली. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. "चाक टाक, गाडी उठून दिसेल," असे मित्र म्हणतात. दिसेलही. पण त्या पैशात मूळ मापाचे दोन्ही टायर, ब्रेकशू आणि नवी साखळी येते, आणि वडील अजून रोज पहाटे, अंधारातच, त्या गाडीवर निघतात. माझ्यापुरता हिशेब इथेच मिटला.

ज्याला रुंदच हवे, त्याने निदान टायरच्या मापाची रिम घ्यावी. आणि गॅरेजातून निघण्यापूर्वी गाडी स्टँडवर लावून चाक हाताने सावकाश फिरवावे. मग ते थांबवून साखळी आणि टायर यांच्यामध्ये बोट जाते का, एवढे तरी पाहावे.