मुलाचा नकार ऐकणार कोण?

परदेशी स्थिरावलेल्या एखाद्या मराठी दांपत्याचे बिनसते. एकजण मुलाला घेऊन मायदेशी परततो. दुसरा तिकडच्या न्यायालयातून मुलाला परत धाडण्याचा आदेश मिळवतो. मग दोन देशांची न्यायालये आणि दोन्हीकडचे वकील यांची झुंज जुंपते. ज्याच्यासाठी हे सारे चालते, त्या मुलाला मात्र कुणी काही विचारीत नाही!

२५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार सांगतो की, सोळा वर्षांखालील मूल बेकायदा परदेशी नेले गेल्यास त्याला मूळ निवासाच्या देशात त्वरेने परत पाठवावे. परंतु त्याच कराराच्या तेराव्या कलमानुसार, पुरेसे वय व समज असलेल्या मुलाने परतण्यास हरकत घेतल्यास न्यायालय परतपाठवणी नाकारू शकते. झिंबाब्वेतून इंग्लंडमध्ये आणलेल्या १३ व १० वर्षांच्या दोन मुली तेथे रुळल्या होत्या आणि परत जाण्यास त्यांचा विरोध होता. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांची परतपाठवणी रोखली.

मूल पढवलेले असते, असा आक्षेप हमखास घेतला जातो. पढवलेले साक्षीदार कोणत्या खटल्यात नसतात? म्हणून साक्षच घ्यायची नाही, हे कुठले न्यायशास्त्र? न्यायाधीशाने आईबापांना बाहेर बसवून, बालमानसतज्ज्ञाच्या साह्याने मुलाशी बोलावे. 'मला आईच हवी' हा ओढा झाला. 'तेथे मला मारहाण होते' ही हरकत झाली. हा भेद जाणत्या न्यायाधीशाला कळू नये काय? मुलाचा शब्द अंतिम मानावा असे नव्हे. पण तो ऐकल्यावाचून निकाल देणे हा अन्यायच होय.

भारत हेग कराराचा सदस्य नाही. त्यात सामील व्हावे, अशी शिफारस विधी आयोगाने २००९ मध्ये केली होती. तथापि, आपले कायदे याबाबतीत कंगाल नाहीत. समंजस अज्ञान मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकेल, असे पालक व पाल्य अधिनियम १८९० पासून सांगतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने १९५६ मध्ये मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले. परदेशी न्यायालयाचा आदेश असला तरी मुलाचे हितच श्रेष्ठ, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले.

उणीव आहे ती 'घेऊ शकेल' या शब्दांत. तेथे 'घेतलेच पाहिजे' असा दंडक हवा. करारावर सही करायची की नाही, हा वाद त्यानंतरचा. मूल म्हणजे विमानतळावर चुकलेली पेटी नव्हे की, चिठ्ठीवरील पत्ता पाहून ती परत धाडावी!