बाणाला टाळ्या, बांधाला कोणी नाही

परवा एका देवळाच्या सभामंडपात व्याख्यान ऐकले. वक्ते म्हणाले, परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला हे आता विज्ञानानेही सिद्ध झाले आहे. टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या आणि घरी येऊन स्वतःवरच चिडलो. कारण विज्ञान सांगते ते नेमके उलटे. समुद्र हटला नाही, तो आत आला.

कथेशी माझे भांडण नाही. बाणावलीला बाण पडला ही गोष्ट मी आजीकडून ऐकली आहे, नातवंडांनाही सांगेन. पण तिच्या हातात प्रमाणपत्र कशाला कोंबायचे?

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग भरात होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मिरामारहून पश्चिमेला ५० किलोमीटरहून जास्त नुसती जमीन! कशावरून? दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तळाचे नमुने काढले. किनाऱ्यालगत नद्यांचा ताजा गाळ मिळतो. पण बाहेर, ६० ते १०० मीटर खोलीवर जुनी वाळू आणि चुनखडीचे मण्यांसारखे गोल कण सापडतात. हे कण जेमतेम दोनचार मीटर खोलीच्या, सतत ढवळणाऱ्या उबदार पाण्यातच घडतात. इतक्या खोल ते जन्मूच शकत नाहीत. म्हणजे ती एके काळची किनारपट्टी. कणांचे वय १० हजार वर्षांच्या आगेमागे निघते. हाशिमी, निगम, नायर प्रभृतींनी १९९५ साली पश्चिम किनाऱ्यावरचे असे पुरावे एकत्र मांडले. समुद्र थबकत थबकत आला आणि १० हजार ते ७ हजार वर्षांपूर्वी झपाट्याने चढला.

बोट नको असेल तर नदी पाहा. मांडवीत भरती गांज्यापर्यंत जाते, जुवारीत सांग्यापर्यंत. समुद्र खाली असताना नद्यांनी खोल कोरलेल्या दऱ्यांत तो नंतर घुसला, म्हणून.

"मग आमच्या विहिरीत शिंपले कसे निघतात?" हा ठेवणीतला प्रश्न. रास्त आहे. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून थोडा वर होता आणि मग उतरला, असे पुरावे किनाऱ्यावर ठिकठिकाणी आहेत. पण ही गोष्ट मीटर-दोन मीटरची. शंभराहून अधिक मीटर चढलेल्या समुद्राचा एवढासा उतार दाखवून विजय साजरा करणारे हिशेबात कच्चे आहेत.

आणि समुद्राकडून जमीन खरोखर घेतली कोणी? गावकऱ्यांनी. चिखल, गवत, चिरे रचून बांध घातले, मानशी बसवल्या, खारे पाणी बाहेर ठेवले आणि खाजनात कोरगूट पिकवले. शतकानुशतके चाललेल्या या कामाचे श्रेय आपण एका बाणाला देऊन मोकळे होतो. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे आली. पुढे किती ठिकाणी काय झाले ते खाजनाकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको. समुद्र आता पुन्हा चढतो आहे, या वेळी आपल्याच धुरामुळे.

त्या सभामंडपापासून पाच मिनिटांवर एक मानस आहे. तिचे दार कुजले आहे, भरतीला पाणी थेट शेतात शिरते. व्याख्यान संपल्यावर मंडळी चहा घेऊन त्याच बांधावरून घरी गेली. मीही गेलो.